घरातला दिवस कागदावर: इंग्लंडमधील स्मृतिभ्रंश आणि सामाजिक देखभालीचा हक्क

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये दोन कायदे एकाच वेळी अमलात आले आणि त्या दोहोंमधील तफावत स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कुटुंबांना आजही सोसावी लागते. पहिल्या कायद्याने राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एनएचएस, सुरू झाली आणि डॉक्टर, रुग्णालय व उपचार विनामूल्य झाले. दुसऱ्या, राष्ट्रीय साहाय्य कायद्याने वृद्ध व अपंग व्यक्तींच्या निवासाची जबाबदारी स्थानिक कौन्सिलांवर, म्हणजे तेथील नगरपालिकांवर सोपवली, पण त्यासाठी ऐपतीनुसार पैसे आकारण्याची मुभाही दिली. कर्करोगाच्या रुग्णाचा खर्च प्रामुख्याने पहिल्या व्यवस्थेकडे जातो. स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, हाही आजारच आहे, मेंदूचा. मात्र त्याची रोजची गरज औषधापेक्षा माणसाच्या सोबतीची असते. आंघोळ घालणे, घास भरवणे, रात्री-अपरात्री दार उघडून रुग्ण बाहेर पडू नये म्हणून जागे राहणे, या सर्वांना ‘सोशल केअर’ म्हणजे सामाजिक देखभाल मानले जाते आणि ती दुसऱ्या व्यवस्थेत मोडते. एका आजाराचा भार समाजाने उचलावा आणि दुसऱ्याचा कुटुंबाच्या बचतीवर टाकावा, ही विभागणी न्याय्य म्हणता येणार नाही. तरीही मदत मिळवायची तर ती समजून घेणे भाग आहे.

इंग्लंडमध्ये या मदतीचा पाया म्हणजे २०१४ चा केअर ॲक्ट. (स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे नियम वेगळे आहेत, स्कॉटलंडमध्ये ज्येष्ठांची वैयक्तिक शुश्रूषा २००२ पासून विनामूल्य आहे.) एखाद्या प्रौढ व्यक्तीला देखभालीची गरज असावी असे दिसताच, तिची आर्थिक स्थिती कशीही असो, तिच्या गरजांचे मूल्यमापन करणे या कायद्याने कौन्सिलवर बंधनकारक आहे. पैशांची चौकशी त्यानंतरची बाब असते. आपले घर आहे, निवृत्तिवेतन आहे, म्हणजे आपल्याला काही मिळणार नाही असे गृहीत धरून अनेक कुटुंबे अर्जच करत नाहीत, आणि बरेचसे नुकसान तिथेच होते.

मूल्यमापनात दैनंदिन जीवनातील दहा बाबी पाहिल्या जातात. त्यांत खाणेपिणे, स्वच्छता, शौचास जाणे, योग्य कपडे घालणे, घरात सुरक्षितपणे वावरणे, घर राहण्याजोगे ठेवणे, नातेसंबंध टिकवणे इत्यादींचा समावेश असतो. आजार वा अपंगत्वामुळे यांपैकी किमान दोन गोष्टी व्यक्तीला जमत नसतील आणि त्याचा तिच्या स्वास्थ्यावर लक्षणीय परिणाम होत असेल, तर ती मदतीस पात्र ठरते. येथे ‘जमत नाही’ याचा कायद्याने दिलेला अर्थ व्यापक आहे: जे काम दुसऱ्याने सांगितल्याशिवाय, तीव्र वेदना किंवा अस्वस्थतेशिवाय, धोका पत्करल्याशिवाय किंवा नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक वेळ घेतल्याशिवाय होत नाही, तेही न जमणारेच समजले जाते. हातपाय धडधाकट असलेल्या आजोबांना शर्ट घालता येतो. परंतु कोणी शर्ट हातात देऊन ‘आता हा घाला’ असे म्हटल्याशिवाय ते तासभर पलंगावर बसून राहत असतील, तर कायद्याच्या दृष्टीने त्यांना कपडे घालता येत नाहीत.

मूल्यमापनाची ही भेट बहुधा तासा-दीड तासाची असते आणि त्या वेळात रुग्ण पाहुण्यासमोर बसावे तसा नीट सावरून बसतो. स्वयंपाक करता का, असे विचारल्यास आजी हसून ‘हो, रोजच करते’ असे उत्तर देतात; गेल्या आठवड्यात रिकामे पातेले गॅसवर तापत राहिले होते, हे त्यांच्या स्मरणात नसते. शेजारी बसलेला मुलगा आईचा मान राखण्यासाठी गप्प बसतो किंवा सून ‘तसं चाललंय आमचं, करतोच की सगळं’ असे सांगते, आणि नोंद तशीच होते. मराठी कुटुंबांत हा संकोच विशेष खोल असतो, कारण घरातले उणे परक्यासमोर मांडणे म्हणजे आईवडिलांचा अपमान असे मनात रुजलेले असते. प्रत्यक्षात खरी स्थिती सांगणे हाच त्यांच्या प्रतिष्ठेचा बचाव असतो. त्यामुळे भेटीपूर्वी दोन-तीन आठवडे रात्रीचे जागरण, पडणे, चुकलेल्या गोळ्या, वाट चुकण्याचे प्रसंग तारीखवार लिहून ठेवणे आणि ज्या गोष्टी रुग्णासमोर बोलवत नाहीत त्या कागदावर देणे किंवा मूल्यमापनकर्त्याशी स्वतंत्रपणे बोलणे हितावह ठरते. या आजारात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी क्षीण होते, त्यामुळे चाळीस वर्षे इंग्लंडमध्ये नोकरी केलेली व्यक्तीही उतारवयात मराठीतच बोलू लागते. अशा वेळी दुभाषा मागावा, कारण घरच्या माणसाने भाषांतर केले की तो नकळत उत्तरे सावरून घेतो.

याच कायद्याच्या दहाव्या कलमानुसार देखभाल करणाऱ्या नातेवाइकालाही स्वतःच्या गरजांच्या मूल्यमापनाचा हक्क आहे. नातेवाईक काय काय करतो हे बाजूला ठेवूनच रुग्णाची पात्रता ठरवायची असते, आणि नातेवाईक जे करण्यास ‘तयार व समर्थ’ असेल तेवढेच काम त्याच्या वाट्याला धरता येते. भारतात २००७ च्या कायद्याने मुलांवर आईवडिलांच्या निर्वाहाचे कर्तव्य टाकले आहे. इंग्लंडच्या कायद्यात प्रौढ मुलांवर शुश्रूषेची सक्ती नाही. नोकरी सांभाळून सासूची सेवा करणाऱ्या सुनेला ‘रात्रीचे काम मला झेपत नाही’ असे म्हणण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे, आणि तिने ती बिनदिक्कत वापरावी.

आर्थिक तपासणीत २३,२५० पौंडांहून अधिक बचत असलेल्यास खर्च स्वतः करावा लागतो, तर १४,२५० पौंडांपर्यंतची बचत हिशेबात धरत नाहीत. या मर्यादा २०१० पासून बदललेल्या नाहीत. मुलांचे उत्पन्न मोजले जात नाही आणि संयुक्त खात्यातील रक्कम सामान्यतः समान वाटून धरली जाते. घरीच देखभाल होत असल्यास राहत्या घराची किंमत गणली जात नाही. कायमचे शुश्रूषागृहात जावे लागल्यास मात्र पहिल्या बारा आठवड्यांनंतर ती गणली जाते, अर्थात त्या घरात जोडीदार किंवा साठीपुढील नातेवाईक राहत नसेल तर. खर्च टाळण्याच्या हेतूने घर मुलाच्या नावे केल्याचे आढळले, तर कौन्सिल ते रुग्णाचेच समजू शकते. आयुष्यभराच्या खर्चाला ८६,००० पौंडांची कमाल मर्यादा घालण्याची योजना होती, पण ती लांबत गेली आणि जुलै २०२४ मध्ये रद्द झाली.

उत्पन्नाची अट नसलेली मदतही आहे. निवृत्तिवयापुढील व्यक्तीला सहा महिने मदतीची गरज भासत असेल, तर ‘अटेंडन्स अलाउन्स’ हा भत्ता मिळू शकतो. २०२५-२६ मध्ये त्याचे आठवड्याचे दर ७३.९० आणि ११०.४० पौंड होते. मुलांकडे भारतातून अलीकडे आलेल्या पालकांसाठी मात्र वास्तव्याच्या आणि व्हिसाच्या अटी आड येतात.

निर्णयक्षमता शाबूत असतानाच करायचे एक काम म्हणजे ‘लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी’. आर्थिक व्यवहारांसाठी एक आणि आरोग्य व देखभालीसाठी दुसरे, अशी ही दोन अधिकारपत्रे असून ती नोंदवावी लागतात. आकलन गेल्यावर ती करता येत नाहीत. मग मुलांना ‘कोर्ट ऑफ प्रोटेक्शन’ या न्यायालयाकडून प्रतिनिधी नेमून घ्यावा लागतो आणि ती प्रक्रिया अधिक खर्चिक व वेळखाऊ असते.

कौन्सिलने मदत नाकारल्यास तिच्याकडून लेखी कारणे आणि मूल्यमापनाची प्रत मागून घ्यावी, प्रथम तिच्याकडेच तक्रार करावी आणि उत्तर असमाधानकारक असल्यास स्थानिक शासन व सामाजिक देखभालीच्या लोकपालाकडे जावे. लोकपालाकडे दाद मागण्यास शुल्क नाही. मात्र गैरप्रकार लक्षात आल्यापासून सर्वसाधारणपणे बारा महिन्यांच्या आत तेथे पोहोचणे आवश्यक असते.