थोडक्या खर्चात चौरस आहार

काटकसरीचा स्वयंपाक म्हणजे ताटभर भात आणि त्यावर पातळ कालवण, अशी पुष्कळ घरांतून समजूत असते. त्याने पोट भरते हे खरे. परंतु पोट भरणे आणि शरीराचे पोषण होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. रत्नागिरीच्या बाजारात या दोहोंचा मेळ थोडक्या पैशांत घालता येतो. मात्र त्यासाठी थोडा हिशेब केला पाहिजे.

आपली आवडती कुळथाची पिठीच घ्या. शंभर ग्रॅम कुळथांत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे जवळजवळ तुरीच्या डाळीइतकीच. परंतु चौघांच्या पातळ पिठीस जेमतेम ५० ग्रॅम पीठ लागते. त्यातील ११ ग्रॅम प्रथिने वाटली, की माणशी तीन ग्रॅमही पडत नाहीत. त्याच कुळथांना मोड आणून १६० ग्रॅमांची उसळ केली, तर माणशी पावणेनऊ ग्रॅम मिळतात. पिठी सोडावी असे नव्हे. पण त्या दिवशी दुसऱ्या वेळेस उसळ, दाट वरण, अंडे किंवा मासळी असावी. तांदळाच्या प्रथिनांत जे घटक उणे असतात ते कडधान्यांत विपुल असतात. म्हणून डाळ-भाताची जोडी शास्त्रालाही मान्य आहे.

दुसरी गोष्ट नाचणीची. शंभर ग्रॅम तांदळात कॅल्शियम सुमारे १० मिलिग्रॅम, तर तितक्याच नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. प्रौढ माणसाची रोजची गरज १००० मिलिग्रॅमांची धरली जाते. म्हणजे दूध परवडत नसेल तेथे दोन भाकऱ्या तिचा तिसरा हिस्सा भागवितात. उकड्या तांदळाचेही असेच आहे. भात उकडताना कोंड्यातील ब-जीवनसत्त्वाचा काही भाग दाण्यात मुरतो. म्हणून त्याची पेज गरिबीचे लक्षण समजू नये.

आगोटीची बेगमी करतानाच ही आखणी करावी. कुळीथ, नाचणी, जवळा, सुके बोंबील आणि आठळ्या उन्हे आहेत तोवर भरून ठेवाव्यात. खारवलेली मासळी भिजवून, धुऊन घ्यावी. रक्तदाब असणाऱ्यांनी ती बेतानेच खावी. पाऊस पडला की टाकळा उगवतो, आणि परसात शेवगा असला तर त्याचा पाला फुकट मिळतो. बिस्किटे आणि फरसाण यांवर महिन्याकाठी किती पैसे जातात ते एकदा लिहून पाहावे. पुष्कळ घरांत डाळीचे पैसे तेथेच सापडतील.

आता शेवटची गोष्ट, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागते, तर पाळी येणाऱ्या स्त्रीला २९. आणि अनेक घरांत सर्वांची पाने झाल्यावर उरेल ते घेऊन बसते ती स्त्रीच! २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५७ स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. याची कारणे अनेक आहेत. पण जेवणाची वाटणी तरी आपल्या हातात आहे. म्हणून उसळ आणि पालेभाजी यांचे तिचे वाढप प्रथम काढून ठेवावे, त्यावर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. आणि जेवणानंतर तासभर तरी चहा घेऊ नये. यास जादा खर्च लागतो तो एका लिंबाचा.