रामेश्वरची बावीस स्नाने

ओखा–रामेश्वर एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच धावते. तिच्या एका टोकाजवळ द्वारका आहे आणि दुसरे टोक थेट रामेश्वर. चार धामांपैकी समुद्रकाठची दोन धामे जोडणारी ही गाडी अकोला–पूर्णा मार्गाने वाशीमवरून जाते. २००८ मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि वाशीम, हिंगोलीकडच्या यात्रेकरूंची मोठी सोय झाली. तीर्थांची ओळख मात्र वाशीमला फार जुनी. हे गाव म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. गावातल्या पद्मतीर्थासह इथे एकशे आठ तीर्थे असल्याची परंपरा आहे. तीर्थ म्हणजे कुंड, विहीर, तळे हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. रामेश्वरला त्याला भेटते तेही मुख्यतः पाणीच.

बेटावर जायला पांबनची खाडी ओलांडावी लागते. १९१४ चा जुना रेल्वेपूल डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाला. शेजारी बांधलेला, जहाजांसाठी मधला भाग सरळ वर उचलणारा नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला.

यात्रेचा विधी पहाटे समुद्रापासून सुरू होतो. देवळाच्या पूर्वेचा किनारा म्हणजे अग्नितीर्थ. नाव अग्नीचे असले तरी इथला समुद्र शांत असतो, लाटा फारशा उसळत नाहीत. त्यामुळे कधी समुद्र न पाहिलेली म्हातारी माणसेही कमरेइतक्या पाण्यात निर्धास्त बुडी मारतात. मग कपडे न बदलता, ओलेत्यानेच देवळाच्या आवारातल्या बावीस तीर्थांकडे जायचे. पहिले महालक्ष्मी तीर्थ, शेवटचे कोटितीर्थ. मध्ये सावित्री, गायत्री, सरस्वती, नल, नील, शंख, चक्र, सूर्य, चंद्र, गंगा, यमुना, गया अशी नावे येतात. सेतुमाधव हे तळे आहे, पण बहुतेक तीर्थे म्हणजे दगडी काठाच्या विहिरी.

खरे कौशल्य दिसते ते या विहिरींच्या काठावर. पाणी काढणारा माणूस कठड्यावर पाय रोवून उभा असतो. हातात दोर, दोराला छोटी बादली. बादली खाली सोडताना तो मनगटाला असा झटका देतो की ती पाण्यावर तरंगत न राहता कलंडते आणि भरते. दोन-चार हातांत ती वर येते आणि त्याच ओघात समोरच्यांच्या डोक्यावर रिकामी होते. रांग थांबत नाही, त्याचा हातही थांबत नाही. सणाच्या आणि अमावास्येच्या दिवशी हे काम तासन् तास चालते. ओल्या दगडावर उभे राहून दिवसभर दोर ओढणाऱ्या या माणसांशिवाय बावीस स्नाने होऊच शकत नाहीत. यात्रेच्या वर्णनांत मात्र त्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही या विहिरींचे पाणी खारट लागत नाही. वाळूच्या बेटावर पडलेला पाऊस खाली झिरपतो. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्याने ते खालच्या समुद्राच्या पाण्यावर थर धरून राहते. उथळ विहिरीला हाच थर लागतो. उपसा अति झाला तर खालचे खारे पाणी वर सरकते, म्हणून अशा बेटावर गोडे पाणी जपूनच वापरावे लागते.

कोटितीर्थानंतर कोरडे कपडे घालायचे, कारण ओल्या वस्त्रांनी गाभाऱ्याकडे जाता येत नाही. वाशीमकडच्या बायका कोरडे लुगडे पिशवीत तयार ठेवतात. दर्शनाला दोन लिंगे आहेत : सीतेने वाळूचे केलेले रामलिंग आणि हनुमंताने कैलासाहून आणलेले विश्वलिंग. हनुमंत उशिरा पोचला म्हणून तो खट्टू होऊ नये, यासाठी पहिली पूजा त्याच्या लिंगाची, अशी कथा. इथल्या पुजारी घराण्यांचे मूळ महाराष्ट्रातले आहे. बाहेरचा हजाराहून अधिक खांबांचा ओवरा पाहायला वेगळा वेळ काढावा. ओल्या कपड्यांच्या गडबडीत त्याची भव्यता निसटून जाते.

काशीयात्रा पुरी करायची असेल तर आणखी एक काम उरते. धनुष्कोडी हे गाव डिसेंबर १९६४ च्या वादळात उद्ध्वस्त झाले. तिथे, दोन समुद्रांच्या काठी, वाळूची तीन लिंगे करतात : सेतुमाधव, बिंदुमाधव, वेणीमाधव. पूजा झाल्यावर दोन समुद्रात सोडतात आणि वेणीमाधवाची वाळू पुरचुंडीत बांधून घेतात. ती प्रयागच्या त्रिवेणीत सोडायची, तिथली गंगा भरून घ्यायची आणि रामेश्वरावर अभिषेक करायचा. एकनाथांनी तहानेल्या गाढवाला पाजली ती याच अभिषेकाची गंगा, म्हणून ती कथा मराठी घरांत अजून सांगितली जाते.

पूर्वी ही फेरी पायी होई आणि तिला महिनेच्या महिने लागत. आता रेल्वेने ती दोन खेपांत होते. बहुतेक शेतकरी कुटुंबे रब्बीचे पीक घरात आल्यावर निघतात. बेटावरचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, त्यामुळे हा काळ दोन्हीकडून सोयीचा ठरतो. घरी परतल्यावर गंगेच्या गडूची पूजा होते, भाऊबंदांना आणि सोयऱ्यांना बोलावून मावंदे घातले जाते आणि उरलेले गंगाजल पंगतीतल्या प्रत्येकाला थेंब थेंब तीर्थ म्हणून दिले जाते.