जॉन आयर्विंग आणि आपली सर्कस

सर्कशीवरची एक थोर इंग्रजी कादंबरी मुंबईत घडते, हे मराठी वाचकाला ठाऊक असायलाच हवं. ‘अ सन ऑफ द सर्कस’ हे तिचं नाव. १९९४ साली ती प्रसिद्ध झाली. सहाशेहून अधिक पानांचा हा ग्रंथ लिहिणारे जॉन आयर्विंग अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचे. जन्म २ मार्च १९४२. तरुणपणी ते कुस्ती खेळले, पुढे पोरांना कुस्ती शिकवली आणि १९७८ च्या ‘द वर्ल्ड अकॉर्डिंग टू गार्प’ या कादंबरीने जगप्रसिद्ध झाले. ‘द सायडर हाउस रूल्स’ या स्वतःच्याच कादंबरीच्या पटकथेसाठी त्यांना २००० साली ऑस्कर मिळालं. कादंबरीचं शेवटचं वाक्य ठरल्याशिवाय ते पहिलं वाक्य लिहायला घेत नाहीत.

सर्कस त्यांच्या डोक्यात मुंबईच्या कितीतरी आधी शिरली होती. ‘गार्प’मध्ये एक कथा आहे. व्हिएन्नातल्या एका जुनाट लॉजमध्ये, सर्कस मोडल्यावर उरलेली मंडळी राहतात. त्यांत एकचाकी सायकल चालवणारं अस्वल आहे आणि फक्त हातांवर चालणारा माणूस आहे. हा उलटा माणूस पुढे सोळा वर्षांनी भारतीय तंबूच्या छताला जाऊन पोहोचला, असं मला ही पुस्तकं एकामागून एक वाचताना वाटलं.

छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांनी भारतभरच्या सर्कशींची छायाचित्रं काढली होती. त्यांचे पती मार्टिन बेल हे दिग्दर्शक. बेल यांच्यासाठी आयर्विंग सर्कशीतल्या मुलांवर पटकथा लिहू लागले आणि १९९० च्या जानेवारीत भारतात आले. महिनाभरही राहिले नाहीत. गुजरातेत जुनागढला ‘ग्रेट रॉयल सर्कस’चा मुक्काम होता, तिथे त्यांनी खेळ पाहिले. पटकथेचं नाव होतं ‘एस्केपिंग महाराष्ट्र’, म्हणजे महाराष्ट्रातून सुटका. तो चित्रपट निघाला नाही, पण पटकथेचं बीज कादंबरीत रुजलं. आपल्याला भारत कळलेला नाही, हे त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं आहे. म्हणूनच त्यांचा नायकही मुंबईत जन्मून मुंबईत परका झालेला आहे. डॉ. फरोख दारूवाला, पारशी, हाडांचे डॉक्टर, मुक्काम टोरांटो.

हे डॉक्टर अधूनमधून मुंबईत येतात, अपंग मुलांवर उपचार करतात आणि चोरून हिंदी चित्रपटांच्या पटकथा लिहितात. त्यांचा आणखी एक ध्यास म्हणजे सर्कशीतल्या ठेंगण्या विदूषकांचं रक्त. ॲकाँड्रोप्लेजिया या विकारात हातपाय आखूड राहतात, आणि अशी बहुतेक मुलं नेहमीच्या उंचीच्या आईबापांच्याच पोटी जन्मतात. याचं कारण रक्तात सापडेल, या आशेने डॉक्टर तंबूतंबूंतून सुई घेऊन फिरतात आणि विदूषक त्यांना टाळतात. आता योगायोग बघा. कादंबरी ज्या वर्षी आली, त्याच १९९४ साली खऱ्या शास्त्रज्ञांना या विकाराचा जनुक चौथ्या गुणसूत्रावर सापडला. जवळजवळ सगळ्या रुग्णांत एकाच जागी, एकाच अक्षराचा फरक! दारूवालांची शोधाची दिशा अगदी बरोबर होती.

ज्या ग्रेट रॉयलमध्ये आयर्विंग बसले होते, तिचं मूळ १९०९ च्या मधुसकर सर्कशीत आहे. नंतर ती प्राण्यांचे शिक्षक नारायणराव वालावलकर यांच्याकडे आली आणि त्यांनी तिला नवं नाव दिलं. त्याही मागे जायचं तर घोड्यांचे कसबी शिक्षक विष्णुपंत छत्रे यांच्यापर्यंत जावं लागतं. इटालियन कियारिनीची सर्कस पाहून त्यांनी १८८० मध्ये मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. तोवर बोरघाटातली रेल्वे सुरू होऊन सतरा वर्षं झाली होती. मुंबईचा तळ हलवून रेल्वेने पुण्याला निघालेल्या कुठल्याही सर्कशीला घाट चढून लोणावळा, मळवली, कामशेत, तळेगाव याच वाटेने यावं लागे. म्हणजे आमच्या मळवलीच्या फलाटाने पिंजरे, तंबूचे खांब आणि कसरतपटू सारं जाताना पाहिलेलं आहे. पुण्याचे दामू धोत्रे तर इथल्या तंबूतून निघून अमेरिकेच्या रिंगलिंग सर्कशीत बिबटे खेळवायला गेले. त्यांच्या आठवणी भानू शिरधनकरांनी मराठीत शब्दबद्ध केल्या, त्या प्रत्येकाने वाचाव्यात.

कादंबरीतला माझ्या मनातून न जाणारा भाग म्हणजे ‘स्कायवॉक’. तंबूच्या छताशी शिडी आडवी टांगलेली असते आणि तिला दोरीचे फास असतात. मुलगी खाली डोकं वर पाय करून लोंबकळते. पाऊल काटकोनात ताठ धरायचं, एका फासातून सोडवून पुढच्या फासात अडकवायचं, आणि सारा भार घोट्यावर पेलायचा. हात मोकळे, खाली जाळी नाही. घाई केली तरी धोका, थांबलं तरी धोका. आयर्विंग यांनी ही कसरत इतक्या बारकाईने लिहिली आहे की वाचताना आपले घोटे आखडतात. मुंबईच्या रस्त्यावरचा गणेश, ज्याचा पाय हत्तीखाली चिरडलेला आहे, त्याला डॉक्टर भलं व्हावं म्हणून सर्कशीत पाठवतात. तिथे स्वयंपाक्याच्या हाताखाली काम करता करता तो चोरून हेच शिकतो आणि एक दिवस खाली पडून मरतो. सर्कस मुलाला रस्त्यावरून उचलते खरी, पण ती त्याला सांभाळतेच असं नाही, हे लेखकाने जुनागढमध्ये अचूक हेरलं होतं.

वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांच्या खेळांवर केंद्र सरकारने १९९८ मध्ये बंदी घातली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत मुलांना कामाला ठेवणं थांबवायला सांगितलं. दारूवालांनी ज्याला उपकार मानलं, ते आज केलं तर त्यांच्या दारात पोलीस येतील.