केंद्र डॉक्टरांचं की सगळ्यांचं?

प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे सर्दी-तापाच्या गोळ्या मिळण्याची जागा, आणि डॉक्टर नसले की ते बंदच, असा समज सर्रास आढळतो. डॉक्टर जागेवर हवेतच, त्यात वाद नाही. पण प्राथमिक आरोग्यसेवा म्हणजे घराजवळ मिळणारी पहिली आणि सततची सेवा: लसीकरण, बाळंतपण, तपासणी, उपचार आणि पाठपुरावा (उपचारानंतर रुग्णाची केलेली विचारपूस). ती एकट्याच्या हातून होत नाही.

रक्तदाबाचंच पाहा. आजींच्या उशाशी गोळ्यांची पाकिटं न फोडता पडली आहेत, हे घरी जाणाऱ्या आशाताईंनाच (गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांना) दिसतं. आरोग्यसेविका उपकेंद्रात रक्तदाब मोजतात, वैद्यकीय अधिकारी मात्रा बदलतात, प्रयोगशाळा तंत्रज्ञ साखर तपासतात, औषधनिर्माते महिन्याच्या गोळ्या देतात. यातलं एक जरी निसटलं, तर आजी पक्षाघात झाल्यावरच जिल्हा रुग्णालयात पोचण्याची भीती.

एसटी नुसत्या ड्रायव्हरवर धावत नाही. कंडक्टर, डेपोतला मेकॅनिक आणि टाकीत डिझेलही लागतं. इथलं डिझेल म्हणजे निधी. आरोग्यावरच्या खर्चाचा दोन तृतीयांश किंवा त्याहून मोठा वाटा प्राथमिक सेवेला मिळावा, असं २०१७ चं राष्ट्रीय आरोग्य धोरण सांगतं. सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक केंद्र, असा निकष आहे. मात्र पदं रिकामी असतील तर तो फक्त कागदावर पाळला जातो. इमारतीची फीत कापायला गर्दी होते. पण घरोघरी जाणाऱ्या आशाताईंना वेतनश्रेणी नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे.