शेल उठल्याबरोबर काय वाचते?



आचऱ्याच्या खाडीतल्या खुब्यांना जसे कवच असते, तसे संगणकालाही असते. इंग्रजीत कवचाला ‘शेल’ म्हणतात. काळ्या खिडकीत आपण आज्ञा लिहितो, ती शेल वाचते आणि आत पोचवते. आमच्या घरच्या उबुंटू लॅपटॉपवर ‘बॅश’ नावाचे शेल आहे. ते ब्रायन फॉक्स यांनी लिहिले व १९८९ साली लोकांना मिळाले.

दिवाळीच्या सुट्टीत मी एक घोटाळा केला. ‘.बॅशआरसी’ या फाइलीत ‘पाथ’ची ओळ लिहिली. पाथ म्हणजे आज्ञा कुठे शोधायच्या, त्या जागांची यादी. मी नवी जागा लिहिली, पण जुनी यादी जोडायला विसरलो! उघडी खिडकी नीट चालत होती. ती बंद करून दुसरी उघडली, तर फाइलींची नावे दाखवणारी साधी ‘एलएस’ आज्ञासुद्धा सापडेना. लॅपटॉप दादाचा, दादा पुण्यात. माझ्या पोटात गोळाच आला.

दादा फोनवर म्हणाला, “घाबरू नको, काय मोडूक नाय. शेल उठताना फाइल वाचता, मगे परत बघणा नाय.”

मग त्याने क्रम सांगितला. शाळेत आधी सगळ्यांची प्रार्थना, मग आपापला वर्ग, तसेच हे. नाव आणि परवलीचा शब्द देऊन शेलमध्ये शिरलो, तर बॅश आधी सर्वांसाठीची ‘/इटीसी/प्रोफाइल’ वाचते. नंतर आपल्या फोल्डरात ‘.बॅश_प्रोफाइल’, ‘.बॅश_लॉगिन’ आणि ‘.प्रोफाइल’ याच क्रमाने शोधते. जी पहिली सापडेल ती वाचते, बाकीच्या सोडते. पण आत शिरल्यावर नुसती नवी खिडकी उघडली, तर यांतली एकही वाचत नाही. तेव्हा उबुंटूवर आधी सर्वांची सामाईक बॅशआरसी आणि मग आपली ‘.बॅशआरसी’ वाचली जाते. आपली शेवटी, म्हणून माझ्या ओळीने आधीची यादी पुसली.

नावाआधी टिंब असलेली फाइल लपलेली असते. फोल्डर उघडून कंट्रोल आणि एच दाबल्यावर ती दिसली. ओळ दुरुस्त केली, नवी खिडकी उघडली, आणि एलएस चालू!

मित्रांनो, अशी फाइल बदलण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा. बदलल्यावर जुनी खिडकी लगेच बंद करू नका; आधी दुसरी उघडून बघा. मी हे शिकलो, पण घाम फुटल्यावर!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी