मातृभाषेचे संस्कार आणि मराठीचे व्याकरण

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा या तालुक्यांत पुष्कळ मुले घरी कोरकू बोलतात आणि शाळेत प्रथमच मराठीचे पाठ गिरवितात. अशा मुलाच्या तोंडून ‘मोठा भिंत’, ‘माझा आई आला’ असे शब्द निघाले, तर ते मंदबुद्धी आहे असा ग्रह होण्याचा संभव असतो. हा ग्रह अन्यायाचा आहे. नवी भाषा शिकणारे मूल कोऱ्या पाटीने येत नाही. एका भाषेचे संपूर्ण व्याकरण त्याच्या अंगी आधीच मुरलेले असते.

कोरकू ही संताळी, मुंडारी यांच्याप्रमाणे मुंडा कुळातील भाषा आहे. तिच्यात नामांचा मुख्य भेद सचेतन आणि अचेतन असा आहे. दगड पुल्लिंगी, भिंत स्त्रीलिंगी व झाड नपुंसकलिंगी का, हा प्रश्न त्या मुलापुढे पूर्वी कधी उभाच राहिलेला नसतो. उलटपक्षी, ऐकणाऱ्यास सामावून घेणारे ‘आपण’ व त्यास वगळणारे ‘आम्ही’ हा भेद कोरकूतही असल्याने तो त्यास परिचित असतो. क्रियापद वाक्याच्या शेवटी येणे, हेही त्यास नवे नाही.

हिंदीभाषी मुलाची अडचण निराळी असते. लिंगभेद त्यास ठाऊक आहे. पण हिंदीत लिंगे दोनच असल्याने ते नपुंसकलिंगाशी अडते व ‘मोठा घर’ म्हणते. हिंदीतील एका ‘हम’ची सवय असल्याने ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतही त्याचा घोटाळा होतो. पाठ एकच, परंतु अडखळण्याच्या जागा वेगळ्या.

अर्थात प्रत्येक चूक मातृभाषेमुळेच होते असे नव्हे. मराठी घरातील लहान मूलही काही काळ ‘केले’ऐवजी ‘करले’ म्हणतेच. नियम हाती आल्याची ती खूण असते.

यास्तव शिक्षकबंधुभगिनींनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. नाम एकटे न शिकविता विशेषणासह शिकवावे : मोठा दगड, मोठी भिंत, मोठे झाड.

२. चूक होताच मुलास न थांबविता तेच वाक्य आपण शुद्ध रूपात म्हणावे.

३. वारंवार होणाऱ्या चुका टिपून ठेवाव्यात व मुलाच्या घरच्या भाषेत ती गोष्ट कशी म्हणतात, हे त्यालाच विचारावे.

आपली भाषा गुरुजींना जाणून घ्यावीशी वाटते, हे कळताच मुलाचा संकोच ओसरतो. आणि बोलू लागलेल्या मुलास व्याकरण शिकविणे सोपे असते.