अडीच सेकंदांचं संगीत

१९८७ साली कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू या कंपनीने एसपी-१२०० नावाचं एक यंत्र बाजारात आणलं. आठ पॅड, आठ सरकत्या पट्ट्या आणि फ्लॉपी डिस्क घालायची एक फट. बाहेरचा आवाज आत घ्यायचा, आकड्यांच्या रूपात साठवायचा आणि पॅड दाबलं की परत ऐकवायचा, एवढंच त्याचं काम. साठवणीची एकूण जागा दहा सेकंदांची, आणि एक तुकडा फार तर अडीच सेकंदांचा. यंत्र बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ड्रमचे सुटे ठोके होते. एका ठोक्याला अडीच सेकंद भरपूर झाले. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय तरुणांनी मात्र त्यात जुन्या तबकड्यांचे तुकडे भरले. पुढची काही वर्षं अमेरिकेतल्या हिप हॉपचा नाद बऱ्याच अंशी या अडीच सेकंदांच्या चौकटीत घडला.

या संगीताबद्दल आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : दुसऱ्याचं गाणं उचलून त्यावर बडबड करतात. ते म्हणणाऱ्यांनी एकदा त्या चौकटीच्या आत काय चालतं ते पाहावं. तिथे ध्वनिशास्त्र आहे, गणित आहे आणि विलक्षण तयार कान आहे.

सुरुवात यंत्राच्या बरीच आधीची. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्रॉन्क्समधल्या १५२०, सेजविक अव्हेन्यू या इमारतीत एका मुलीने पार्टी ठेवली आणि तबकड्या वाजवायला तिचा भाऊ उभा राहिला. त्याचं नाव क्लाइव्ह कॅम्बेल, जन्म जमैकातला; पुढे तो डीजे कूल हर्क म्हणून ओळखला गेला. नाचणाऱ्यांकडे बघताना त्याला एक गोष्ट दिसली होती. गाण्यात गायक आणि बाकीची वाद्यं थांबून फक्त ड्रम उरतात, तेवढ्या काही सेकंदांची ही मुलं वाट पाहत असतात. या जागेला ‘ब्रेक’ म्हणतात. हर्कने एकाच तबकडीच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा, तोवर पहिली हाताने मागे फिरवून ठेवायची. पाच सेकंदांचा ब्रेक हवा तितका वेळ चालू लागला. एसपी-१२०० ने हे हातांचं काम स्मृतीच्या चिपवर सोपवलं.

आता चिपच्या आत जाऊ. तबकडीच्या खाचेत सुई हलते आणि त्या हालचालीचा विजेचा चढउतार होतो. सॅम्पलर, म्हणजे असं यंत्र, या चढउताराची उंची ठराविक काळाने मोजतो. एसपी-१२०० सेकंदाला सुमारे २६,०४० वेळा. प्रत्येक मापन बारा बिटांचं, म्हणजे उंचीच्या ४,०९६ पायऱ्यांपैकी एक. याच्या पाच वर्षं आधी आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजत होती आणि तिच्याकडे ६५,५३६ पायऱ्या होत्या. अडीच सेकंदांचं कोडंही इथेच सुटतं. २६,०४० ला अडीचने गुणलं तर ६५,१०० येतात. संगणकाच्या हिशेबात ‘६४ के’ म्हणजे ६५,५३६. एका तुकड्याला मिळालेली जागा इतकीच.

या जागेत मावणारा सर्वांत मोलाचा ऐवज २० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटीच्या किंग स्टुडिओत वाजवला गेला होता. जेम्स ब्राउनच्या ताफ्याचं ‘फंकी ड्रमर’. ड्रमवर होते क्लाइड स्टबलफील्ड. टेनेसीतल्या चॅटनूगा गावी कारखाने आणि आगगाड्यांचे आवाज ऐकत ते लहानाचे मोठे झाले होते, औपचारिक शिक्षण नव्हतं. या गाण्यात एका जागी ब्राउन सगळ्यांना थांबायला सांगतो आणि वीसेक सेकंद फक्त स्टबलफील्ड वाजवतात. हाय-हॅट या जोडझांजेवर सोळा बारीक ठोके अखंड चाललेले, स्नेअर या ड्रमवर ठसठशीत आघात, आणि त्या आघातांच्या मधे काठीच्या टोकाने जेमतेम टेकवलेले हलके ठोके. ड्रमवादक त्यांना ‘घोस्ट नोट’ म्हणतात. हे हलके ठोके एकेकटे काढले तर ऐकूही येणार नाहीत. पण त्यांना वगळलं तर सगळी लय कोरडी पडते. गती मिनिटाला साधारण १०० मात्रा, म्हणजे चार मात्रांचं एक आवर्तन २.४ सेकंदांचं. अडीच सेकंदांच्या खणात ते अगदी नेमकं बसतं. १९७० मध्ये हे गाणं दोन भागांत तोडून निघालं होतं. अखंड रूपात ते १९८६ च्या एका संकलनात आलं आणि वर्षभरात एसपी-१२०० बाजारात आलं. पब्लिक एनिमीपासून एलएल कूल जेपर्यंत कित्येकांच्या गाण्यांखाली स्टबलफील्डचे हात वाजू लागले.

पण प्रत्येक आवर्तन इतकं गुणी नसतं. संथ गाण्याचं एक आवर्तन तीन-साडेतीन सेकंद घेतं. मग काय करायचं? बीट करणाऱ्यांनी ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर लावली. आवाज घाईने आत गेला, कमी जागेत मावला, आणि आत गेल्यावर यंत्राकडून पुन्हा संथ करून घेतला. ४५ भागिले ३३⅓ म्हणजे १.३५, तेव्हा अडीच सेकंदांत मूळचे जवळपास ३.४ सेकंद बसले.

आपल्या संगीतात वाढलेल्यांना या १.३५ मध्ये खास गंमत सापडेल. गती इतक्या पटीने वाढली की स्वरही तितक्याच पटीने चढतो. सा आणि शुद्ध मध्यम यांचं गुणोत्तर ४/३. आपलं १.३५ म्हणजे २७/२०. दोहोंतलं अंतर नेमकं ८१/८०, आपल्या श्रुतिशास्त्रातली प्रमाणश्रुती. म्हणजे ३३ ची तबकडी ४५ वर लावली की षड्ज थेट मध्यमाच्या एक प्रमाणश्रुती वर जाऊन बसतो. ब्रॉन्क्समधल्या मुलांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी कानाने तो स्वर परत खाली आणला.

खाली आणताना जे घडलं, त्यानेच या संगीताला त्याचा पोत दिला. आवाज संथ करायचा तर साठवलेल्या दर २० आकड्यांच्या जागी साधारण २७ आकडे बाहेर यायला हवेत. वरचे सात आणायचे कुठून? आजचं सॉफ्टवेअर दोन आकड्यांच्या मधली किंमत काढून वळण गुळगुळीत करतं. एसपी-१२०० कडे तेवढी ताकद नव्हती. ते काही आकडे सरळ दुसऱ्यांदा उच्चारायचं. त्यामुळे लहरीला बारीक पायऱ्या पडल्या, आणि पायरी म्हणजे मूळ आवाजात नसलेल्या उंच वारंवारता. त्या मूळ स्वराच्या पटीत नसतात, म्हणून कानाला धातूसारखी किणकिण आणि खरखर जाणवते.

याच्या जोडीला मोजणीची मर्यादा. सेकंदाला २६,०४० मापनं घेणारं यंत्र त्याच्या निम्म्या, म्हणजे १३,०२० हर्ट्झपर्यंतचाच आवाज खरा पकडू शकतं. हा नियम हॅरी नायक्विस्ट आणि क्लॉड शॅनन यांच्या नावाने ओळखला जातो. त्याहून उंच स्वर आत शिरलाच तर तो खोट्या रूपात उलटा येतो : १५,००० हर्ट्झचा स्वर ११,०४० हर्ट्झचा होऊन. सिनेमात पळत्या टांग्याचं चाक उलटं फिरताना दिसतं, तोच हा प्रकार. यंत्राच्या तोंडाशी फिल्टर असल्यामुळे असले बरेच स्वर अडतात, पण त्याबरोबर झांजेची वरची चमकही जाते. उरतो तो जाड, मातकट, जवळून वाजल्यासारखा नाद.

या पोताचं श्रेय सर्रास ‘बारा बिटां’ना दिलं जातं. मला ते पटत नाही. बारा बिट म्हणजे ढोबळमानाने ७२ डेसिबलचा पल्ला, आणि वापरून झिजलेल्या तबकडीचा स्वतःचा खरखराट त्याहून ठळक असतो. खरा हात आहे तो कमी मापनांचा आणि आकडे दुसऱ्यांदा उच्चारण्याचा. जागा वाचवायला केलेल्या युक्तीने जो डाग पडला, तो पीट रॉकसारख्या कारागिरांनी पुसला नाही. ‘दे रेमिनिस ओव्हर यू’ या १९९२ च्या गाण्यात टॉम स्कॉटच्या १९६७ मधल्या सॅक्सोफोनचा तुकडा ऐकावा. मूळ तबकडीवर तो देखणा आहे. इथे तो शोकाचा झाला आहे.

एसपी-१२०० च्या पुढच्या वर्षी, १९८८ मध्ये, रॉजर लिन यांनी अकाई कंपनीसाठी एमपीसी-६० घडवलं. त्याच्या सोळा पॅडवर तुकडा चिरून पसरता येई. एक सोडून एक येणारा बारीक ठोका किंचित उशिरा टाकण्याची सोय, म्हणजे ‘स्विंग’, हे त्याचं वैशिष्ट्य. मिनिटाला ९० मात्रांच्या गतीला स्विंग ५० वरून ५४ टक्क्यांवर नेला तर ठोका फक्त १३ मिलिसेकंदांनी मागे सरतो. तेवढ्याने मान डोलू लागते. डेट्रॉइटचा जेम्स यान्सी, म्हणजे जे डिला, याहून पुढे गेला. ठोके चौकटीत तंतोतंत बसवण्याऐवजी त्याने ते किंचित पुढेमागे राहू दिले. हाय-हॅट सरळ, स्नेअर किंचित आधी, किक, म्हणजे पायाने वाजवायचा ड्रम, किंचित नंतर, तरी लय कुठेही सुटलेली नाही. २००६ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी तो गेला. त्याचं एमपीसी-३००० आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

आता पैशाचं. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने रॅपर बिझ मार्कीविरुद्ध निकाल दिला आणि परवानगीशिवाय तुकडा वापरणं महाग झालं. तेव्हापासून दोन परवानग्या लागतात : एक रचनेच्या मालकाची, दुसरी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. डझनावारी तुकड्यांतून एक गाणं विणण्याची पद्धत त्यामुळे जवळजवळ संपली. युरोपात क्राफ्टवेर्क या बँडच्या दोन सेकंदांवरून वीस वर्षांहून अधिक काळ खटला चालला. २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने म्हटलं की तुकडा इतका बदललेला असेल की कानाला ओळखू येत नाही, तर परवानगीची गरज नाही.

या दोन परवानग्यांपैकी एकही वादकाची नाही, आणि मला यातलं सर्वांत जास्त खटकतं ते हे. ‘फंकी ड्रमर’च्या रचनेवर नाव जेम्स ब्राउनचं. स्टबलफील्ड यांना त्या असंख्य वापरांचं मानधन मिळालं नाही. ते २०१७ मध्ये विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरात वारले. १९६९ च्या ‘आमेन, ब्रदर’मधला सुमारे सात सेकंदांचा ब्रेक त्याहूनही अधिक वापरला गेला. तो वाजवणारे ग्रेगरी कोलमन २००६ मध्ये बेघर अवस्थेत वारले.

आपल्या दाराशीही हा प्रश्न येऊन गेला आहे. २००२ मध्ये डीजे क्विकने ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या ‘ॲडिक्टिव्ह’ गाण्यात लता मंगेशकरांचा आवाज वापरला, ‘ज्योती’ (१९८१) चित्रपटातल्या ‘थोडा रेशम लगता है’मधला. संगीतकार बप्पी लाहिरी आणि तबकडीची मालक सारेगामा अमेरिकेत न्यायालयात गेले, आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय अल्बम विकू नये असा आदेश झाला. संगीतकाराला नाव मिळालं. त्या तुकड्यात ताल धरणाऱ्याचं काय? आपल्या जुन्या तबकड्यांवर चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार एवढीच नावं सापडतात. सेबॅस्टियन डिसोझा, केरसी लॉर्ड अशा काही वादक-संयोजकांची नावं अभ्यासकांमुळे आज ठाऊक आहेत. पण मुंबईच्या स्टुडिओंत वाजवलेल्या गोव्याच्या वादकांपैकी आणि ढोलकी-तबल्याच्या बहुसंख्य कलावंतांपैकी किती जणांनी कोणत्या गाण्यात काय वाजवलं, याची नोंद कुठल्याही लेबलवर नाही.

तेव्हा एक विनंती आहे. तुमच्या घरात, नात्यात, वाडीत किंवा सोसायटीत स्टुडिओत वाजवलेला एखादा जुना वादक असेल, तर त्याला त्याची गाणी ऐकवा. कोणत्या गाण्यातला कोणता ठेका त्याचा, तारीख आठवत असेल तर तारीख, साथीला कोण होतं, हे त्याच्याकडून लिहून घ्या आणि त्याच्या आवाजात ध्वनिमुद्रितही करा. उद्या त्या ठेक्याचे अडीच सेकंद जगात कुठेही वाजले, तर ते कोणाचे हे सांगता आलं पाहिजे.